लोवेलचा बिल्ला

वॉशिंग मशीनमध्ये काहीतरी खडखडत होतं. मॅक्सीन टॅकेटनं आधी तिकडे कानाडोळा केला. तिच्या नवऱ्याच्या खिशातून काय निघेल याचा नेम नसे. स्क्रू, पेन्सिलीची थोटकं, एकदा तर दाराची अख्खी कडी निघाली होती. पण हा आवाज जड होता. तिनं मशीन बंद केलं, बाही कोपरावर सारली आणि फेसात हात घातला. हाती लागला तो बिल्ला.

चांगला तळहाताएवढा, सोनेरी, ढालीच्या आकाराचा. वर पंख पसरलेला गरुड, मध्ये राज्याची मुद्रा आणि भोवती ठसठशीत अक्षरं: 'छुपं पिस्तूल – परवानाधारक'. मागे कमरपट्ट्याला अडकवायचं चामडं होतं, ते भिजून लोळागोळा झालं होतं.

"लोवेल," तिनं हाक मारली. ओरडून नाही. ओरडली असती तर लोवेल निर्धास्त राहिला असता.

आता मॅक्सीन कोण हे आधी सांगायला हवं, नाहीतर एका पितळी तुकड्यावरून एवढं काय बिघडलं हे कळायचं नाही. ओहायोच्या दक्षिण टोकाला टेकड्यांच्या बेचक्यात आमचं वॉलनट फोर्क आहे. इथे कोटाखाली पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना ज्याला काढायचा असे, तो शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत जाण्याआधी मॅक्सीनबाईंच्या वर्गात बसे. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं आडरस्त्यांवर एकटीनं गाडी हाकत टपाल वाटलं होतं. तेव्हा स्वतःसाठी परवाना काढला, आणि निवृत्तीनंतर इतरांना शिकवायला लागल्या. आगीच्या बंबाच्या शेडमागे हॉल आहे, तिथे महिन्यातल्या एका शनिवारी वर्ग भरे. पिस्तूल कसं धरायचं हे त्या थोडक्यात आटपत. बाकी सगळा वेळ ते का काढायचं नाही, हे सांगण्यात जाई.

आणि दर वर्गात कुणीतरी हटकून विचारी: परवाना मिळाला की ते जाहिरातीतले विकतचे बिल्ले कमरेला लावावेत का? बाईंचं उत्तर गावातल्या पोरासोरांना पाठ होतं. परवाना पाकिटात, पिस्तूल कोटाखाली, तोंड बंद. बिल्ला नको.

आणि आता तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच मशीनमध्ये, टॉवेलांबरोबर गरगर फिरत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

लोवेल आला. पायात नुसते मोजे, हातात कॉफीचा मग. त्यानं बिल्ला बघितला आणि हातातली कॉफी सावकाश खाली ठेवली.

"हे काय आहे?" मॅक्सीननं विचारलं.

"बिल्ला आहे."

"ते मला वाचता येतं. तुझ्या पँटीत काय करत होता?"

"धुतला जात होता," लोवेल म्हणाला.

दुसरी वेळ असती तर ती हसली असती. या माणसाशी तिनं लग्न केलं ते अर्ध्याहून अधिक असल्या उत्तरांपायी. पण आत्ता तिनं ओठ घट्ट मिटले.

"ज्युनियरनं मागवले," तो म्हणाला. "पाच घेतले तर टपालखर्च माफ होता."

ज्युनियर स्टॅम्पर म्हणजे लोवेलचा मित्र. वय चौऱ्याहत्तर. ज्या बापामुळे तो ज्युनियर झाला, तो केव्हाच मातीआड गेला, पण नाव काही सुटलं नाही. रोज सकाळी नाक्यावरच्या हॉटेलात, खिडकीजवळच्या टेबलावर तो, लोवेल आणि आणखी तीन म्हातारे मऊ पावासारखी गरम बिस्किटं आणि वर दाट ग्रेव्ही खात जगाचा निकाल लावत बसायचे.

"म्हणजे टेबलावरच्या पाचही जणांनी घेतले?"

"अर्लनं परत केला. पोटाखाली जातो, दिसतच नाही म्हणाला."

"लोवेल, अरे मी दर महिन्याला कंठशोष करते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतील लोक. शहाणपण शिकवते आणि नवरा घरी शेरीफ होऊन बसलाय."

"तू नुसती चिडू नकोस, मॅक्स, ऐकून घे. समज, मी दुकानात आहे. चोर शिरला, मला पिस्तूल काढावं लागलं. तेवढ्यात पोलीस आले. त्यांना काय दिसणार? हातात पिस्तूल घेतलेला कुणीतरी म्हातारा. बिल्ला असला तर लांबूनच कळेल, हा आपल्यातला आहे."

"तू त्यांच्यातला नाहीस," मॅक्सीन म्हणाली.

तिला म्हणायचं होतं त्याहून ते जास्त लागलं. तरुणपणी लोवेलनं शेरीफच्या कचेरीत डेप्युटी, म्हणजे हाताखालचा पोलीस, व्हायला अर्ज केला होता. सगळं जमलं, आणि डोळे तपासताना लाल-हिरव्यात घोटाळा निघाला, नोकरी हुकली. तो विषय दोघांत कधी निघत नसे. तिनं आवाज जरा खाली आणला.

"हे बघ, हातात पिस्तूल असलेल्या माणसाच्या कमरेकडे कुणी बघत नाही रे. हाताकडे बघतात. आणि नुसताच बिल्ला दिसला तर लोक तुला पोलीस समजतील. लपवून ठेवायला परवाना काढायचा आणि वर सोन्याची पाटी लावायची. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय."

"परवा समजलीच एक बाई," लोवेल म्हणाला.

आत्ता तिच्या ध्यानात आलं. दोन दिवस हा माणूस घरभर शीळ घालत हिंडत होता.

झालं होतं असं. लोवेल किराणा दुकानात कुत्र्याच्या खाण्याची गोणी उचलायला वाकला, कोट वर गेला, आणि एक तरुण बाई धावत त्याच्यापाशी आली. ढकलगाडीत तान्हं पोर रडत होतं आणि चार वर्षांची मोठी मुलगी गर्दीत दिसेनाशी झाली होती. ऑफिसर, ऑफिसर, म्हणत तिनं त्याची बाहीच धरली.

"मी गल्ल्यावरच्या पोरीला म्हटलं, पुढचं दार लाव. लावलं गं तिनं, एका शब्दानं विचारलं नाही. मग मी एकेक रांग बघत गेलो. टॉयलेट पेपरच्या गठ्ठ्यांमागे बसली होती, घर-घर खेळत. मला म्हणते, चपला काढून आत या."

"आणि ती बाई?"

"थँक यू ऑफिसर म्हणाली."

"आणि तू काय म्हणालास?"

लोवेलनं कॉफीचा घोट घेतला. "काही नाही. पोरगी सापडली होती. मध्येच कशाला विरजण घाला."

"अरे, यावरून खटला होऊ शकतो. पोलीस असल्याचं सोंग केलं म्हणून. परवाना तर जाईलच." मॅक्सीननं खुर्ची ओढली आणि बसली. "बिल्ला नसता तरी तू ती पोरगी शोधली असतीस की."

"शोधली असती," लोवेल म्हणाला. "पण मला सांगितलं कुणी असतं?"



लोवेल गावच्या शाळेत होता. मास्तर नव्हे. झाडलोट, बॉयलर, तुंबलेले संडास, फुटलेल्या काचा, कुलपं, किल्ल्या, सगळं त्याच्याकडे. कमरेला उजवीकडे किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असे की चालताना तो त्या बाजूला जरासा कलायचा. जुडगा वाजला की वर्गातली पोरं ओळखत, टॅकेट आला. बाई दाराबाहेर अडकल्या, बोलवा टॅकेटला. बस्केटबॉल छपरावर गेला, बोलवा टॅकेटला. मग तो निवृत्त झाला, जुडगा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला, आणि दोन वर्षांत शाळाच शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली. इमारतीला साखळी लागली. त्यानंतर लोवेलला कुणी कशासाठी बोलावलं नव्हतं. मॅक्सीनला मात्र आठवडाभर फोन येत.

"ड्रॉवरमध्ये ठेवतो," तो म्हणाला. "लावणार नाही. झालं?"

"शब्द?"

"शब्द."

तिनं तेव्हाच तो बिल्ला मागच्या ओढ्यात भिरकावायला हवा होता. तिनं काय करावं? खिडकीत वाळवला. चामडं कडक होऊन तडकेल म्हणून त्याला तेल चोळलं, पितळ फडक्यानं पुसलं आणि त्याच्या मोज्यांच्या खणात ठेवून दिला. इतकी वर्षं त्याचे बूटही तीच पुसत आली होती, हात आपसूक चालला.

त्या शनिवारी वर्गात, हमखास येणारा प्रश्न आला. वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी एक तरुण मुलगी होती, डार्ला नावाची. तिनं विचारलं, "मॅडम, ते बिल्ले मिळतात ते घ्यावेत का?"

मॅक्सीन पहिल्यांदाच अडखळली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मॅक्सीन, ज्युनियरच्या टेबलानं तर म्हणे शेरीफची शाखाच उघडलीय." हॉलभर हशा पिकला. तिचे कान तापले.

"बिल्ला नको," ती म्हणाली. "परवाना तुम्ही संध्याकाळी धडधाकट घरी यावं म्हणून असतो. बिल्ला लावलात की लोक तुम्हाला बोलवायला लागतात, आणि तुम्ही जायला लागता. चला, ताटल्या घ्या."

ताटल्या म्हणजे सहलीला नेतात त्या कागदी ताटल्या. ही मॅक्सीनची स्वतःची युक्ती. प्रत्येकानं घडीच्या खुर्चीवर बसायचं, ताटली दोन्ही हातांत धरायची, ते गाडीचं चाक. मॅक्सीन पोलीस होऊन खुर्चीशेजारी यायची. त्या वेळी आमच्याकडे कायदा होता की पोलिसानं गाडी थांबवली तर परवानेवाल्यानं आपणहून सांगायचं, माझ्याजवळ पिस्तूल आहे. ते सांगताना माणसाचा हात नेमका त्याच जागी जातो. जणू दाखवल्याशिवाय खरं वाटणार नाही. नव्या लोकांचा तर हमखास जाई.

"ताटली सोडायची नाही," मॅक्सीन दरडावायची. "आधी बोला. मग विचारा. तो हो म्हणाला की मग हात हलवा. तोवर ताटली."

लोवेलनं हा वर्ग तीनदा केला होता. पहिल्यांदा परवान्यासाठी, आणि नंतर दोनदा, वर्गाला माणसं कमी पडली तेव्हा, बायकोखातर.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दोघं मॅक्सीनच्या बहिणीच्या शेतावर जेवायला गेली. परतताना ऊन उतरलं होतं. मॅक्सीनच्या मांडीवर बहिणीनं बांधून दिलेला चेरीचा 'पाय' होता, चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, काचेच्या बशीत, अजून कोमट. लोवेल शीळ घालत होता. तेव्हा तरी तिला कळायला हवं होतं.

धान्याच्या कोठारापाशी मागून निळे-लाल दिवे लागले.

"मागचा दिवा," मॅक्सीन म्हणाली. "तीन आठवडे सांगतेय, बदलून घे."

"उद्या बदलणार होतो."

त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, काच खाली केली. सगळं अगदी शिकवल्यासारखं. दोन्ही हात चाकावर. आरशात डेप्युटी खाली उतरताना दिसला, अंगानं सडपातळ, टोपी जरा मोठी. उतरत्या उन्हात तोंड दिसत नव्हतं. मॅक्सीननंही आपले हात समोरच्या फळीवर पसरून ठेवले. पोलीस खिडकीपाशी पोचतच होता, आणि लोवेल खुशीत म्हणाला, "थांब, दाखवतोच त्याला."

त्याचा उजवा हात चाकावरून सुटला आणि कोटाखाली, कमरेकडे गेला.

मॅक्सीनला तत्क्षणी सगळं कळलं. बिल्ला ड्रॉवरमध्ये नव्हता. तो त्याच्या पट्ट्याला होता, जाहिरातीत दाखवतात तसा, पिस्तुलाला अगदी लागून.

"हात! हात दाखवा!" डेप्युटी ओरडला. आवाज चिरकला, आणि त्याचं पिस्तूल बाहेर आलं.

लोवेल थिजला. हात कोटाखालीच. तोंड किंचित उघडं. मॅक्सीनला त्याचा दंड धरावासा वाटला, सगळं अंग त्यासाठी पुढे ओढलं जात होतं, पण तिनं हात फळीवरून हलवले नाहीत. हलवले असते तर काय होतं हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक असणार. मांडीवरची बशी मात्र घसरली आणि खाली पडून फुटली.

"ताटली, लोवेल," ती म्हणाली.

वर्गात म्हणायची तशीच. हळू नाही, जोरात नाही.

"बोटांत आहे ते सोड. रिकामा हात. सावकाश. ताटली."

कोट हलला. आधी मनगट दिसलं, मग मोकळी बोटं. तो म्हातारा हात हवेतून चाकाकडे जाईपर्यंत मॅक्सीननं श्वास घेतला नाही. मग दोन्ही हात चाकावर आले.

"ऑफिसर," ती समोर बघतच म्हणाली, "माझ्या नवऱ्याजवळ पिस्तूल आहे, उजव्या कमरेला. परवाना आहे. तो बिल्ला काढत होता. माझ्याजवळ काही नाही, नुसता चेरीचा पाय आहे, तोही आता खाली आहे."

 मग डेप्युटी खिडकीतून वाकून म्हणाला, "मिस्टर टॅकेट?"

तो ब्रेडी कॉन्ली होता, कॉन्लींचा धाकटा. वसंतातच डेप्युटी झाला होता. पिस्तूल म्यानात घालायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग रीतीप्रमाणे त्यानं लोवेलचं पिस्तूल काढून गाडीच्या टपावर ठेवलं, परवाना बघितला, आणि तिथेच रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर बसला. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"मला नुसतं कोपर मागे जाताना दिसलं," तो म्हणाला. "मॅडम, खरंच सांगतो. नुसतं कोपर."

"तू बरोबर केलंस, बाळा," मॅक्सीन म्हणाली. "अगदी बरोबर केलंस."

तिचं वाक्य खरं होतं. आणि तरी त्या पोराच्या एक थोबाडीत द्यावी, आणि त्याला कुशीतही घ्यावं, असं तिला एकदम वाटलं.

ब्रेडीनं बिल्ला हातात घेऊन उलटसुलट केला. "हा कशाला, मिस्टर टॅकेट?" कुचेष्टेनं नाही, त्याला खरोखरच कळत नव्हतं.

 लोवेलचे हात अजून चाकावर होते. काढ म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

"तुला कळावं म्हणून," तो म्हणाला. "की मी चांगल्यांतला आहे."

ब्रेडी खाली मान घालून बसला. दुसरीत असताना एकदा वर्गातच त्याला चड्डीत शू झाली होती. लोवेल मुद्दाम बादली सांडत आत गेला होता, सगळ्या फरशीवर पाणी केलं होतं, आणि भिजलेल्या पोराला कोरडी पँट द्यायला बाहेर घेऊन गेला होता. वर्गातल्या कुणाला कधी कळलं नाही. लोवेलनं ते फक्त मॅक्सीनला सांगितलं होतं, तेही पोराचं नाव न घेता. नाव तिला आत्ता, ब्रेडीच्या चेहऱ्यावरून कळलं.

"ते मला दुसरीपासून माहीत आहे," ब्रेडी म्हणाला. "मला फक्त तुमचे हात दिसायला हवे होते."

त्यानं दंडाची पावती केली नाही. मागचा दिवा तेवढा उद्या बसवून घ्या, म्हणाला. जाताना त्यानं पिस्तूल आणि बिल्ला परत दिले, लोवेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात तिथे जरा जास्तच राहिला.

घरी आल्यावर लोवेल मागच्या ओसरीवर जाऊन बसला. मॅक्सीननं गाडीतून काचा आणि चेरी खरडून काढल्या. मग बीन्स गरम केल्या, मक्याचा पाव कापला, दोन ताटं वाढली. तो आला, बसला, आणि चमचा हातात घेऊन तसाच राहिला. कोट आणि पट्टा त्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. पट्ट्याचं चामडं उजवीकडे एका जागी झिजून पांढरं पडलं होतं, किल्ल्यांच्या जुडग्यानं वर्षानुवर्षं घासून. लोवेलनं बिल्ला लावला होता तो बरोबर त्या जागेवर. तिनं तो पट्टा हजारदा बघितला असेल. आज तिनं त्या जागेवरून अंगठा फिरवला.

"तू शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"दिला होता."

"मला तुला पुरावं लागलं असतं रे. एका दिव्यापायी."

"हो."

पुढे बोलायला तिनं बरंच योजून ठेवलं होतं. गाडीत सगळी जुळवाजुळव केली होती. पण लोवेलच आधी बोलला.

"मी गेलो असतो तर गेलो असतो, मॅक्स. आपलं काय आता. पण त्या पोराला मी काय करायला लावलं असतं? जन्मभर वागवलं असतं त्यानं." त्यानं चमचा खाली ठेवला. "एवढासा होता गं. माझा हात धरून चालत आला होता."

मग तो रडला. मॅक्सीननं खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

"त्या चामड्याला तेल मीच लावलं," थोड्या वेळानं ती म्हणाली. "शिव्या द्यायच्या तर मलाही दे."

"बघितलं मी. छान मऊ झालं होतं," लोवेल नाक पुसत म्हणाला, आणि दोघांनाही जरासं हसू आलं.

बीन्स गार झाल्या होत्या. तिनं परत गरम केल्या.

"पुढच्या महिन्यात हा बिल्ला मी वर्गात नेणार आहे," ती चुलीकडे तोंड करून म्हणाली. "दाखवायला. कुणाचा ते सांगणार नाही."

लोवेलनं पाव बीन्समध्ये कुस्करला.

"बिल्ल्याला काय विचारणार ते?" तो म्हणाला. "मीच येतो."

"सगळं गाव हसेल, लोवेल."

"हसू दे की. ज्युनियरलाही ये म्हणावं."

महिन्यानं मॅक्सीन हॉलवर पोचली, दार उघडलं, तशी लोवेल तिच्याआधी आत घुसला. निवृत्त झाल्यापासून त्यानं वर्गाच्या खुर्च्यांना हात लावला नव्हता. जन्मात लावायच्या तेवढ्या लावून झाल्या, म्हणायचा. आज त्यानं त्या भिंतीपासून काढून ओळीनं मांडल्या, एका डोळ्यानं रेघ बघितली, दोन खुर्च्या बोटभर सरकवल्या. पिस्तूल तो घरी ठेवून आला होता.

बातमी गावभर झालीच होती. नेहमीपेक्षा दुप्पट माणसं होती. डार्लाचा परवाना कधीच हाती आला होता, तरी ती आली होती. ज्युनियर अगदी मागच्या रांगेत बसला होता.

प्रश्न यायच्या आधीच लोवेल पुढे गेला. तो काही वक्ता नव्हे. दोन्ही हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, म्हणून तो खुर्चीवर बसला आणि कागदी ताटली उचलली.

"बिल्ला घ्यावा का, असं तुम्ही हिला विचारता," तो म्हणाला. "मी हिचा नवरा. हिचा वर्ग तीनदा केलाय. मला वाटलं, बिल्ला असला की लोकांना कळेल. आता बघा काय कळतं ते."

आणि त्यानं करून दाखवलं. ताटली दोन्ही हातांत. चेहरा खुशीत. उजवा हात सुटला, कोटाखाली गेला आणि थांबला.  हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"आता त्या पोराला एवढंच दिसतं," लोवेल म्हणाला. "बिल्ला आत आहे. तो मला दिसतो. फक्त मला."

इथे मॅक्सीननं बोलायचं असं ठरलं होतं. घरी दोनदा करून बघितलं होतं. पण तिचा आवाजच निघेना. तिला ते कोठार दिसत होतं, उतरतं ऊन दिसत होतं. लोवेल हात कोटाखाली ठेवून तिच्याकडे बघत वाट पाहत राहिला.

"ताटली, मिस्टर टॅकेट," दुसऱ्या रांगेतून डार्ला हळूच म्हणाली.

रिकामा हात सावकाश बाहेर आला आणि ताटलीवर विसावला. लोवेलनं तिला मान झुकवून दाद दिली. मागच्या रांगेत ज्युनियर स्टॅम्परनं कमरेचा बिल्ला झाकत कोटाची चेन हळूच गळ्यापर्यंत ओढून घेतली.

वर्ग संपल्यावर लोक त्याच्याभोवती घुटमळले. कुणी खांद्यावर थोपटलं, कुणी दिव्यावरून टोमणा मारला, त्यानं सगळं घेतलं. मग त्यानं खुर्च्या मिटून भिंतीशी लावल्या, सांडलेली कॉफी पुसली, दिवे मालवले. दोघं बाहेर आली. लोवेलनं दार ओढून घेतलं, आणि त्याचा उजवा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच जरा घुटमळला आणि खाली आला.

मॅक्सीननं पर्समधून हॉलची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

त्यानं कुलूप लावलं. ओढून बघितलं. दोन पावलं गेला, परत येऊन पुन्हा एकदा ओढून बघितलं. किल्ली परत द्यायला वळला, तर मॅक्सीन गाडीपाशी पोचली होती.

"पुढच्या महिन्यात थंडी असेल," ती मागे न बघता म्हणाली. "आधी येऊन हीटर लावावा लागेल कुणालातरी."

लोवेलनं किल्ली पट्ट्याला अडकवली. एकटी किल्ली वाजत नाही. तरी गाडीपर्यंत तो चालत आला तो उजवीकडे जरासा कलून.